बाईंचं तापमान

६ सप्टेंबर

आज बाई घरी आल्या. मला दैनंदिनी लिहायची सवय नाही. कामावर लिहितो ते शिफ्टचं, त्यात मन वगैरे येत नाही. पण इस्पितळातून निघताना डॉक्टरीणबाईंनी सूचनांची अशी सरबत्ती केली की म्हटलं, डोकं रिकामं करायला कुठेतरी जागा हवी.

बाई म्हणजे माझी बायको. बालवाडीत शिकवते, म्हणून आख्खी गल्ली तिला बाई म्हणते. आमची लेक चिडली की तीही म्हणते. मग मीच एकट्याने का मागे राहायचं? मी कोल्ड स्टोरेजचा फोरमन. लोणी, मटार आणि सफरचंदं राखण्यात जन्म गेला. आता लांबलचक रजा टाकली आहे आणि बाईंना राखायचं आहे.

रक्ताचा कॅन्सर. औषधांना दाद देईना, म्हणून शेवटी नवा उपचार केला. बाईंच्याच रक्तातल्या पेशी काढून घेतल्या, प्रयोगशाळेत त्यांना रोग ओळखायला शिकवलं आणि परत सोडलं. "माझ्याच पेशींना शाळेत घातलं," असं बाई सगळ्यांना सांगतात. पेशी हुशार निघाल्या, रोग हटला. पण त्या धुमश्चक्रीत चांगल्या पेशीही मेल्या. आता कित्येक महिने साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतू शकते.

थोडक्यात काय, तर ताप अडतीसवर गेला की तडक फोन. अडतीस म्हणजे आपल्या जुन्या हिशोबात शंभराच्या थोडं वर. थंडी वाजली, दम लागला, तरी फोन. विचारल्याशिवाय तापाची गोळी घ्यायची नाही, कारण ताप झाकला जातो आणि आत काय चाललंय ते कळत नाही. गर्दी नको, आजारी माणूस नको, कच्चं-अर्धकच्चं नको, माती नको, बुरशी नको.

मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "काळजी करू नका. माझ्या कोठारात एवढ्या वर्षांत एक खोकं नासलं नाही."

बाई म्हणाल्या, "ऐकलंत डॉक्टर? मी खोकं."

७ सप्टेंबर

दिवसभर कामाचा धडाका. दाराशी चपलांच्या दोन रांगा केल्या, बाहेरच्या आणि घरातल्या. बाल्कनीतल्या कुंड्या जिन्यात नेल्या, मातीत बुरशी असते. फुलदाणी रिकामी. दातांचा ब्रश मऊ आणला. ओट्यावर मांसाची फळी वेगळी, भाजीची वेगळी. भांडी घासायचा जुना स्पंज फेकला तेव्हा बाईंनी त्याला हात हलवून निरोप दिला.

कामावरून जुने प्लास्टिकचे पट्टे आणले. कोल्ड स्टोरेजच्या दारावर लोंबतात तसे, हवा अडवणारे. निजायच्या खोलीच्या दारावर चढवले. उत्तम बसले.

"अहो, मी काय मटार आहे?" बाई आतून ओरडल्या.

"मटार बरे. ते बोलत नाहीत."

हसल्या. इस्पितळातून आल्यापासून पहिल्यांदा खळखळून हसल्या. मला फार बरं वाटलं, पण पट्टे काही काढले नाहीत.

११ सप्टेंबर

मेव्हण्याशी वाजलं. हा बाईंचा धाकटा भाऊ. शिंकला की कारखान्याचा भोंगा वाजल्यासारखा आवाज होतो, म्हणून लहानपणापासून सगळे त्याला भोंगाच म्हणतात. एकटाच राहतो, शिवणयंत्रं दुरुस्त करतो आणि आठवड्यातून एकदा ताईशी पत्ते खेळायला येतो. आज पिशवीभर संत्री घेऊन आला आणि उंबऱ्यातच शिंकला.

मी दार अर्धं लावलं. "सर्दी आहे तुला."

"भाऊजी, धूळ गेली नाकात. दिवसभर यंत्रं साफ करत होतो."

"ती धूळ घेऊन आत येणार?"

"दारातून तरी बघू दे ना तिला."

"फोनवर बघ."

त्याने संत्री पायपुसण्यावर ठेवली आणि जिना उतरला. आतून बाई विचारत होत्या, कोण आलं होतं? मी म्हटलं, तुझा भाऊ, घाईत होता.

संत्री साबणाने धुतली, एकेक. नियम म्हणजे नियम.

१३ सप्टेंबर

बालवाडी दर शुक्रवारी पोरांना फिरायला काढते. आज बदलीच्या बाईंनी वरात आमच्या गल्लीतून नेली. खाली सगळी चिल्लीपिल्ली एक दोरी धरून उभी. बाई मास्क लावून बाल्कनीत. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, वारा मोकळा, म्हणून मी परवानगी दिली.

"बाई, तुमचे केस कुठे गेले?"

"सुट्टीवर गेलेत!"

"तुम्ही कधी येणार?"

"केस आले की त्यांच्याबरोबर येते!"

एकाने वर बघत बघत नाक शेजारणीच्या बाहीला पुसलं. माझ्या अंगावर काटा आला. बाई मात्र दोरी गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत उभ्या होत्या. आत येऊन म्हणाल्या, "नवीन वर्षाला मी वर्गात असणार. लिहून ठेवा." म्हणून लिहिलं.

२० सप्टेंबर

सकाळी सदतीस पॉइंट चार. अडतीस नव्हे, पण रोजच्यापेक्षा जास्त. कामावर आम्ही काटा लाल रेघेपर्यंत जायची वाट बघत नाही, हलला की हलतो.

बाल्कनीचं दार लावलं. बाईंना अंथरुणात घातलं. पोरं आली, खालून हाका मारत राहिली. मी पडद्याआडून हात केला, म्हणजे निघा. बदलीच्या बाई बिचाऱ्या निघाल्या.

इस्पितळात फोन केला तर सिस्टर म्हणाल्या, तासाभराने परत बघा, वाढला तर कळवा. दुपारी छत्तीस पॉइंट नऊ.

"मी दहा मिनिटं उभी राहिले असते तर काय आकाश कोसळलं असतं?" बाईंनी विचारलं.

"कोसळेपर्यंत थांबायचं नसतं."

"तुम्ही ओरडलात माझ्यावर. आकडा बघून ओरडलात, जसा काय मी तो मुद्दाम वर नेला."

मी ओरडलो नव्हतो. माझा आवाजच मोठा आहे. कॉम्प्रेसरच्या शेजारी उभं राहून बोलायची सवय.

२६ सप्टेंबर

आता मात्र गाडी रुळावर आली. त्यानंतरचे सगळे दिवस छत्तीस पॉइंट सात, पॉइंट आठ, पॉइंट सात. काटा तसूभर हलत नाही. घराला शिस्त लागली की असं होतं. बाई हल्ली हुज्जतही घालत नाहीत. मी थर्मामीटर न्यायच्या आधीच उठून, तोंड धुऊन तयार बसलेल्या असतात.

लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई एवढी गुणी कधीपासून झाली?"

म्हटलं, "फोरमन चांगला असला की होतात."

२७ सप्टेंबर

पोरं आली. बाई बाल्कनीत उभ्या राहिल्या. आज गाणंही झालं, वरून खाली आणि खालून वर. आत येऊन खुर्चीत बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत. इतके दिवस अंथरुणात काढल्यावर दमणारच.

बाईंचा जुना गुडघा परत कुरकुरतोय वाटतं. गोळ्यांची रिकामी पट्टी ओल्या कचऱ्यात सापडली. कोरड्याच्या डब्यात टाकायची असते, हे त्या पोरांना शिकवतात आणि स्वतः विसरतात. काढून योग्य डब्यात टाकली. उगाच बोललो नाही.

२ ऑक्टोबर

इस्पितळात शिरेतून औषध द्यायचा दिवस. बाईंचं शरीर सध्या रोगाशी लढणारी प्रथिनं बनवत नाही, म्हणून ती बाहेरून भरावी लागतात. सिस्टरांनी खाण्यापिण्याचं विचारलं. मी अभिमानाने संत्र्यांची गोष्ट सांगितली.

"साबणाने?" सिस्टर हसता हसता खुर्चीत बसल्या. "काका, वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायची. साबण पोटात जातो."

"तरीच," बाई म्हणाल्या, "मला वाटलं, जिभेची चव गेली."

डॉक्टरीणबाई आल्या. पेशींचा आकडा अजून खालीच आहे. बालवाडीचं आत्ताच काही सांगता येणार नाही. "ताप?" त्यांनी विचारलं.

"एकदाही नाही," मी म्हटलं. "सरळ रेषा."

डॉक्टरीणबाईंनी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर पार्किंग बघत होत्या. "काही त्रास झाला, तर आकडा काहीही असो, सांगायचं हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाईंनी मान हलवली.

५ ऑक्टोबर

कालही पोरं येऊन गेली. बाई जेवत नाहीत नीट. सूप अर्धं ठेवतात. बारीक खोकला आहे. थर्मामीटर म्हणतो छत्तीस पॉइंट आठ, म्हणजे काळजीचं कारण नाही. हवा कोरडी आहे. खोलीत वाफेचं यंत्र लावावं का? पण यंत्रात पाणी साचतं आणि पाण्यात बुरशी. नको.

८ ऑक्टोबर

हे इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितोय.

दुपारी जेवण घेऊन गेलो तर बाई दोन पांघरुणं घेऊन कुडकुडत होत्या. दात वाजत होते. मी थर्मामीटर लावला. सदतीसही नाही. परत लावला. तेच.

आणि मी काय केलं? मी स्वयंपाकघरात गेलो. भांड्यात बर्फ घेतला, पाणी घातलं, थर्मामीटर बुडवला. कामावर काट्याबद्दल शंका आली की आधी काटा बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते तपासायचं, हे माझ्या हाडीमांसी खिळलंय. घरातला थर्मामीटर बर्फात काय दाखवणार, डोंबल? नुसता 'लो' म्हणून चमकत राहिला. मी तो पुसतोय, परत बुडवतोय, आणि पलीकडच्या खोलीत बायको थरथरतेय.

त्यांनी हाक मारली. एकदा, मग परत. गेलो.

"ते यंत्र नीट आहे," त्या म्हणाल्या. एकेक शब्द सुटा येत होता. "मी गोळी घेते. रोज. तुम्ही यायच्या आधी."

"गुडघ्याची?"

"गुडघ्याला काही झालेलं नाही. तीच गोळी तापाची असते, अहो."

मग फोन केला. सिस्टर म्हणाल्या, एक मिनिट घालवू नका. जिन्यावरून बाईंना मी आणि खालच्या मजल्यावरच्या सुताराने खुर्चीत बसवून उतरवलं. इस्पितळात पाय ठेवताक्षणी सुया, रक्त, छातीचा फोटो, सलाइनमधून औषध. न्यूमोनिया. उजवी बाजू भरली आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, थंडी कधी वाजायला लागली? मला सांगता आलं नाही. बर्फात घालवलेला वेळ त्यात धरायचा की नाही, हेच कळेना.

९ ऑक्टोबर

ऑक्सिजन लावला आहे. काचेतून बघू देतात.

देवा, एवढं पार पाड.

१२ ऑक्टोबर

औषध लागू पडतंय. ऑक्सिजन कमी केला. आज मास्क, झगा आणि हातमोजे घालून आत जाऊ दिलं. बाई पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "पट्टे तुम्हालाच लावलेत की हो."

बाहेर आल्यावर मी लेकीकडे तणतणलो. एवढ्या सूचना देऊन माणूस असं करतं? पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवतं आणि घरात रोज नवऱ्याला फसवतं? मेली असती.

लेक गाडी चालवत होती. सिग्नलला थांबली तेव्हा बोलली. "बाबा, सदतीस पॉइंट चारला तुम्ही काय केलंत?"

"काळजी घेतली."

"तुम्ही दार लावलंत. तिला पोरं बघायची होती, म्हणून तिने आकडा खाली आणला. तुम्हाला आकडा हवा होता, तिने दिला."

"म्हणजे चूक माझी?"

"चूक तिचीच आहे. मी तिला आज चांगलं झापलंय. पण तुम्हाला काही सांगायचं म्हणजे आधी दहादा विचार करावा लागतो, हे मलाही माहीत आहे. दहावीचे मार्क मी आधी मामाला सांगितले होते."

हे मला ठाऊक नव्हतं. लेक अति बोलते. तरी घरी आल्यावर स्टूल घेऊन खोलीच्या दारावरचे पट्टे उतरवले. हवा त्यांनी तशीही अडत नव्हती.

१९ ऑक्टोबर

बाई काल घरी आल्या. बारीक झाल्या आहेत. पण डोळ्यांत तीच हेडमास्तरीण. मला समोर बसवलं. हाताची घडी घालायला सांगितलं नाही एवढंच.

"थर्मामीटर माझ्याकडे राहील," म्हणाल्या. "मी बघीन, मी सांगीन, फोनही मीच करीन. गोळीला हात लावणार नाही, तुमची शपथ."

"माझी का? स्वतःची घे."

"तुमची घेतली की जास्त पाळली जाते. आणि बाल्कनीचं दार लावायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतील. तुम्ही नाही."

"आणि मी काय करू?"

"हात धुवा, सूप करा आणि हळू बोला."

मी कबूल केलं. जमेल का माहीत नाही. माणसाने आयुष्यभर काट्याकडे बघायचं आणि मग एके दिवशी काटा दुसऱ्याच्या हातात द्यायचा, हे वाटतं तेवढं सोपं नाही. पण काल खुर्चीतून वर आणताना मला त्यांचं वजन कळलं. त्याच्यापुढे माझी शिस्त गेली चुलीत.

२५ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंना बाईंनीच विचारलं. बाल्कनी चालेल, वर्ग इतक्यात नाही. नवीन वर्षाचं काही खरं नाही. बाई म्हणाल्या, "ठीक आहे, मग उन्हाळ्यानंतर. आणि तेव्हा नाही तर त्याच्यानंतर." रोज सकाळी बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत फेऱ्या मारतात, दोन-चार वाढवत नेतात. थांबून श्वास घेतात, परत चालतात. मी शेजारून चालत नाही. भांडी घासतो आणि पाऊल ऐकतो.

भोंग्याला मीच बोलावलं. फोनवर म्हटलं, ये, मास्क लावून, खिडकी उघडी ठेवू. त्याने विचारलं, "शिंक आली तर?" म्हटलं, "जिन्यात जा." आला. पत्त्यांत ताईने त्याला धुऊन काढलं. मला सॉरी म्हणायचं होतं, तोंडातून निघालं, "संत्री चांगली होती." तो म्हणाला, "साबणाची लागली नाहीत ना?" म्हणजे बाईंनी सांगितलंय सगळं.

३ नोव्हेंबर

सकाळी उठलो तर घसा खरखरतोय. पहिल्यांदा वाटलं, रात्री घोरलो असेन. दुसऱ्या घोटाला कळलं की खरंच दुखतोय.

मनात आलं, मास्क लावून राहावं, बोलूच नये, दोन दिवसांत जाईल. उगाच घरात धावपळ कशाला. हातात मास्क घेऊन न्हाणीघरात उभा राहिलो आणि लक्षात आलं की मी अगदी बाईंसारखाच करतोय.

दाराच्या बाहेरूनच सांगितलं. "घसा धरलाय माझा."

"कधीपासून?"

"आत्ता. उठल्यापासून."

"बरं. बॅग भरा. मी लेकीला बोलावते राहायला. तुम्ही भोंग्याकडे जा."

स्वतःच्या घरातून हाकललं गेल्याचं दुःख कोणाला सांगू? भोंग्याच्या खोलीत शिवणयंत्रांच्या मधोमध खाट घातली आहे. त्याने दार उघडलं, माझ्याकडे नखशिखान्त पाहिलं आणि म्हणाला, "भाऊजी, सर्दी आहे तुम्हाला." इतका खूश मी त्याला पाहिला नव्हता.

६ नोव्हेंबर

बाई इस्पितळात आहेत. छाती स्वच्छ आहे. वेळेत आल्या म्हणून औषध दुपारीच सुरू झालं, दोन-तीन दिवसांत सोडू म्हणतात. हे आधी लिहून टाकलं, कारण बाकीचं लिहिताना हात थांबतो.

सकाळी मी चहा गाळत होतो. फोन वाजला. बाई.

"अडतीस पॉइंट एक," म्हणाल्या. "गोळी घेतलेली नाही. इस्पितळात फोन केला, ते या म्हणालेत. लेक गाडी काढतेय. सगळ्यात शेवटी तुम्हाला करतेय."

माझ्या तोंडाशी काय काय आलं. खिडकी उघडी ठेवली होतीस का? लेकीने हात धुतले होते का? की माझ्याच घशाचं हे? मी गाळणी खाली ठेवली. भोंगा हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत होता.

"बरं केलंस," मी म्हटलं. जमेल तेवढं हळू म्हटलं.

"ओरडणार नाही?"

"नाही."

"मग आणखी एक सांगू?"

"सांग."

"मला भीती वाटते हो. पहिल्या दिवसापासून वाटते. तुम्ही इतके ठाम होता, म्हणून बोलले नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आणि मी तरी कुठे म्हटलं होतं? मी स्टुलावर बसलो.

"मलाही वाटते," म्हटलं. "पट्टे लावले तेव्हा सगळ्यात जास्त वाटत होती."

"ते दिसत होतं," बाई म्हणाल्या.

मग लेकीने खालून हॉर्न दिला. फोन कोणीच ठेवला नाही. त्यांनी चपला घातल्या ते मला ऐकू आलं, कुलूप ऐकू आलं, मग जिन्याची एकेक पायरी. मध्ये दम लागला तेव्हा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "दमले, थांबलेय." मी म्हटलं, "थांब." थोड्या वेळाने म्हणाल्या, "निघाले," आणि परत पायऱ्या उतरू लागल्या.